अधिचले नीट कशी वापरावीत: साचा वाचण्यापासून सिद्धता तपासण्यापर्यंत

आकारिक तर्कशास्त्र शिकताना सत्यता-कोष्टकात फारसे कुणी अडत नाही. अडायला होते ते ‘क → (ख → क) हे स्वयंसिद्धक (सिद्धतेशिवाय मान्य केलेले सूत्र) आहे’ अशी ओळ पहिल्यांदा समोर येते तेव्हा. वाचणारा ती ओळ सूत्र म्हणून वाचतो आणि तिथून पुढे त्याची प्रत्येक सिद्धता थोडी थोडी वाकडी होत जाते. ती ओळ सूत्र नाहीच. त्यातली क आणि ख ही अक्षरे आपण अभ्यासतो त्या भाषेत नाहीत. त्या भाषेविषयी बोलताना आपण ती वापरतो. अशा अक्षरांना अधिचल किंवा मेटाव्हेरिएबल म्हणतात.

पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले दोन सोपे वाटतात म्हणून बरेच जण ते ओलांडून थेट सिद्धतेकडे धावतात. चौथ्या आणि सहाव्या टप्प्यात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ मात्र तिथेच असते.

## तयारी: दोन याद्या कागदावर लिहा

काम सुरू करण्याआधी कागदाचे दोन भाग करा.

पहिल्या भागात वस्तुभाषा, म्हणजे जिचा अभ्यास करायचा ती भाषा. तिची सगळी चिन्हे इथे यायला हवीत. या लेखापुरती ती अशी:

- विधानचिन्हे: प१, प२, प३, …
- संयोजके: ¬ (‘नाही’) आणि → (‘जर-तर’)
- कंस: ( आणि )

दुसऱ्या भागात अधिभाषा, म्हणजे आपली बोलण्याची भाषा. इथे मराठी, थोडे गणित आणि पुढील अधिचले:

- क, ख, ग, घ: कोणत्याही सूत्रासाठी
- स: सूत्रांच्या कोणत्याही संचासाठी

⊢ हे चिन्हही दुसऱ्याच भागात येते. ‘⊢ क’ हे सूत्र नव्हे; ‘क सिद्ध करता येते’ या मराठी वाक्याचे ते लघुरूप आहे. बऱ्याच पुस्तकांत अधिचलांसाठी फाय, साय अशी ग्रीक अक्षरे किंवा ठळक मोठी अक्षरे असतात. कोणती अक्षरे घ्यायची ही सोयीची बाब आहे. एकच अक्षर दोन्ही याद्यांत येऊ नये, ही मात्र अट आहे.

तपासणी: प१ → (प२ → प१) या ओळीतले प्रत्येक चिन्ह पहिल्या यादीत सापडते. क → (ख → क) मधली क आणि ख तिथे सापडत नाहीत. ज्या ओळीत पहिल्या यादीबाहेरचे चिन्ह आहे ती वस्तुभाषेतले सूत्र नाही, हे नक्की.

## टप्पा १: प्रत्येक अधिचलाची जात जाहीर करा

‘क कोणतेही सूत्र असो’ हे वाक्य लिहिल्याशिवाय क वापरू नका. विधान-तर्कशास्त्रात सूत्र आणि सूत्रसंच अशा दोनच जाती असल्याने हा आग्रह अवास्तव वाटेल. संख्यापक, म्हणजे ∀ (‘प्रत्येक’) आणि ∃ (‘एखादा तरी’) ही चिन्हे, आले की जाती वाढतात. तिथे वस्तुभाषेची स्वतःची चले असतात. त्यांना आपण च१, च२, च३ म्हणू. शिवाय च१ + ० यासारखी पदे असतात. मग अधिचलेही तितक्या प्रकारची लागतात:

- म, न: वस्तुभाषेतल्या कोणत्याही चलासाठी
- ट: कोणत्याही पदासाठी
- क, ख, ग: पूर्वीप्रमाणेच सूत्रांसाठी

इथे एक गोष्ट नीट पाहून घ्या. च१ हे चल आहे आणि वस्तुभाषेच्या अर्थनिर्णयात त्याला एखादी वस्तू मूल्य म्हणून मिळते, समजा एखादी संख्या. म ला संख्या हे मूल्य मिळत नाही. म चे मूल्य च१ किंवा च७, म्हणजे एक चिन्ह असते. त्याचप्रमाणे क चे मूल्य ‘सत्य’ किंवा ‘असत्य’ नसते. क चे मूल्य एक सूत्र असते आणि त्या सूत्राला पुढे सत्यतामूल्य मिळते. सत्यता-कोष्टकाच्या मथळ्यावर क लिहून खाली ‘सत्य’ आणि ‘असत्य’ भरत जाणारे हीच पायरी गाळतात.

सावधान: वेगळी अक्षरे म्हणजे वेगळी मूल्ये, असे गृहीत धरू नका. क आणि ख दोन्हींच्या जागी प१ येऊ शकते. म आणि न दोन्हींच्या जागी च१ येऊ शकते. वेगळेपणा हवा असेल तर ‘म आणि न भिन्न’ असे लिहावे लागते. उलट, एकाच साच्यात क तीनदा आले तर तिन्ही जागी तेच सूत्र यायला हवे. ही सूट आणि हे बंधन, दोन्ही एकत्र लक्षात ठेवा.

## टप्पा २: साचा आणि दाखला वेगळे ओळखा

अधिचले असलेल्या ओळीला साचा म्हणू. सगळ्या अधिचलांच्या जागी वस्तुभाषेतील सूत्रे घातल्यावर जे मिळते तो त्या साच्याचा दाखला. साचा एकच असला तरी दाखले अनंत असतात.

पुढच्या कामासाठी हे तीन साचे घ्या. तर्कशास्त्रज्ञ वुकाशेविच यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती बऱ्याच अभ्यासक्रमांत असते:

- साचा १: क → (ख → क)
- साचा २: (क → (ख → ग)) → ((क → ख) → (क → ग))
- साचा ३: (¬क → ¬ख) → (ख → क)

अनुमानाचा नियम एकच, मोडस पोनेन्स: क आणि क → ख यांवरून ख.

‘या पद्धतीत किती स्वयंसिद्धके आहेत?’ असे विचारल्यावर ‘तीन’ हे उत्तर चूक ठरते. साचे तीन आहेत. स्वयंसिद्धके अनंत आहेत, कारण प्रत्येक दाखला हे एक स्वतंत्र स्वयंसिद्धक आहे.

हीच पद्धती दुसऱ्या रीतीनेही मांडता येते. प१ → (प२ → प१) अशी खरोखरची तीन सूत्रे घ्यायची आणि जोडीला ‘विधानचिन्हाच्या जागी सर्वत्र एकच सूत्र घालता येईल’ हा प्रतिस्थापनाचा नियम द्यायचा. दोन्ही मांडण्यांतून तीच प्रमेये मिळतात. तुमचे पुस्तक यांपैकी कोणती वापरते ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या, कारण दोन्हींची सरमिसळ केली की घात होतो.

सावधान: प्रतिस्थापनाचा नियम प्रमेयांना लागू होतो, गृहीतकांना नाही. ‘समजा प१’ असे गृहीत धरून मग प१ च्या जागी प२ घातले, तर प१ या एका गृहीतकावरून काहीही सिद्ध होईल. साच्यांच्या मांडणीत हा धोका उद्भवतच नाही, कारण तिथे वस्तुभाषेतले प१ कधी बदलायचेच नसते. नव्याने शिकणाऱ्याने साच्यांचीच मांडणी धरावी, असे मी म्हणेन.

## टप्पा ३: साच्यातून दाखला तयार करा

क्रम असा ठेवा.

१. कोणत्या अधिचलाच्या जागी काय, हे आधी वेगळ्या ओळीवर लिहा. समजा, साचा १ साठी क := (प१ → प२), ख := ¬प३.

२. घालायच्या सूत्रांपैकी बाणाने जोडलेल्या प्रत्येक सूत्राला बाहेरचा कंस आहे ना, ते पाहा.

३. सगळ्या जागी एकाच वेळी घाला: (प१ → प२) → (¬प३ → (प१ → प२)).

४. निकालात एकही अधिचल उरले नाही ना, ते पाहा.

दुसरी पायरी गाळली तर प१ → प२ → (¬प३ → प१ → प२) अशी ओळ मिळते. हिचा मुख्य, म्हणजे सर्वांत बाहेरचा, संयोजक कोणता हेच कळत नाही. बाण उजवीकडून जोडायचा संकेत लावला, तर ओळ वाचता येते पण सूत्र वेगळेच निघते.

तिसऱ्या पायरीतल्या ‘एकाच वेळी’ला फार महत्त्व आहे. साच्यात पुन्हा साच्यासारखीच अभिव्यक्ती घालायची असते तेव्हा ते जाणवते. साचा १ मध्ये क च्या जागी (ख → क) आणि ख च्या जागी क घालायचे आहे असे धरा. एकदम घातले तर मिळते:

(ख → क) → (क → (ख → क))

आधी फक्त क बदलले, तर (ख → क) → (ख → (ख → क)) असे होते. मग ख बदलल्यावर (क → क) → (क → (क → क)) हाती येते. नुकत्याच घातलेल्या ख लाही दुसऱ्या फेरीने पकडले. योगायोगाने हाही साचा १ मध्येच बसतो, त्यामुळे चूक नजरेतून निसटते. पण मागितलेला दाखला हा नव्हे.

उपाय: साच्यातली अक्षरे आणि तुमच्या सिद्धतेतली अक्षरे आधीच वेगळी करा. साचे क, ख, ग मध्ये असतील तर तुमचे विधान घ मध्ये लिहा. मग ‘क च्या जागी क’ असले गोंधळाचे वाक्य लिहावे लागत नाही.

## टप्पा ४: उलटा प्रवास, म्हणजे दिलेले सूत्र साच्याचा दाखला आहे का ते ठरवा

परीक्षेत आणि प्रत्यक्ष कामातही हेच जास्त करावे लागते, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. नियम असा: बाहेरून आत जा. आधी मुख्य संयोजक जुळवा, मग डावी-उजवी बाजू, मग त्यांच्या आत. वाटेत जे अधिचल प्रथम भेटेल त्याचे मूल्य लिहून ठेवा. तेच अधिचल पुन्हा भेटले की नवे मूल्य द्यायचे नाही. आधीच्या मूल्याशी अक्षरशः ताडून पाहायचे.

साचा ३ घ्या, (¬क → ¬ख) → (ख → क), आणि पुढील सूत्रे तपासा.

(¬¬प१ → ¬प२) → (प२ → ¬प१). मुख्य संयोजक बाण, ठीक. डावीकडे पुन्हा बाण. त्याच्या डावीकडे ¬¬प१ आहे आणि साच्यात ¬क, म्हणून क := ¬प१. उजवीकडे ¬प२ समोर ¬ख, म्हणून ख := प२. आता सूत्राची उजवी बाजू: साच्याप्रमाणे (ख → क), म्हणजे (प२ → ¬प१) यायला हवे. तेच आहे. दाखला आहे.

(प१ → ¬प२) → (प२ → ¬प१). हे सर्वतः सत्य (विधानचिन्हांना कोणतीही सत्यतामूल्ये दिली तरी सत्य) सूत्र आहे आणि अर्थाने आधीच्याशी समतुल्यही आहे. तरीही साचा ३ चा हा दाखला नाही. ¬क च्या समोर प१ येते आणि प१ ची सुरुवात ¬ ने होत नाही. जुळणी तिथेच थांबते.

‘प१ आणि ¬¬प१ एकच ना?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. अर्थाने समतुल्य, पण चिन्हमाला म्हणून भिन्न. अधिचलाच्या जागी चिन्हमाला येते, अर्थ येत नाही. प१ च्या जागी ¬¬प१ घ्यायचे असेल तर त्यासाठी वेगळी सिद्धता द्यावी लागते. दाखल्याच्या नावाखाली ते चालत नाही.

प१ → (प१ → प१), साचा १ साठी. क := प१, ख := प१. दाखला आहे. दोन अधिचलांना एकच मूल्य मिळाले म्हणून हे नाकारणारे पुष्कळ असतात.

(प१ → प२) → प१, साचा १ साठी. क := (प१ → प२). उजवीकडे (ख → क) च्या रूपाचे काहीतरी हवे होते, पण आहे नुसते प१. दाखला नाही. डावीकडे बाण दिसला म्हणून जुळेल असे वाटते. बाहेरून आत जाण्याची शिस्त पाळली तर एका क्षणात उत्तर मिळते.

तपासणी: जुळणी झाल्यावर मिळालेली मूल्ये पुन्हा साच्यात घालून मूळ सूत्र तंतोतंत परत येते का ते पाहा. एखादा कंसही वेगळा पडला तर जुळणी चुकली.

लघुरूपांचे काय? आपल्या वस्तुभाषेत ∨ आणि ∧ नाहीत. ‘(क ∨ ख)’ म्हणजे (¬क → ख) आणि ‘(क ∧ ख)’ म्हणजे ¬(क → ¬ख), असे आपण अधिभाषेत ठरवतो. म्हणून ∨ असलेली ओळ साच्याशी ताडण्याआधी तिचे लघुरूप पूर्ण उलगडा. (प१ ∨ प२) मध्ये बाण दिसत नाही, पण तिचा मुख्य संयोजक बाणच आहे.

## टप्पा ५: साच्यांची सिद्धता लिहा

आता घ → घ सिद्ध करू. घ कोणतेही सूत्र असो.

१. (घ → ((घ → घ) → घ)) → ((घ → (घ → घ)) → (घ → घ))
साचा २; क := घ, ख := (घ → घ), ग := घ

२. घ → ((घ → घ) → घ)
साचा १; क := घ, ख := (घ → घ)

३. (घ → (घ → घ)) → (घ → घ)
१ आणि २ वरून, मोडस पोनेन्स

४. घ → (घ → घ)
साचा १; क := घ, ख := घ

५. घ → घ
३ आणि ४ वरून, मोडस पोनेन्स

या पाच ओळी वस्तुभाषेतली सिद्धता नाहीत. त्यात घ आहे आणि घ पहिल्या यादीत नाही. ही सिद्धता बनवण्याची कृती आहे: घ च्या जागी प७ घाला, वस्तुभाषेतली खरीखुरी पाच ओळींची सिद्धता मिळते, (प१ → ¬प२) घाला, दुसरी मिळते. म्हणून ‘⊢ घ → घ’ हे पद्धतीबद्दलचे प्रमेय आहे, म्हणजे अधिप्रमेय.

प्रत्येक ओळीखाली कोणत्या साच्यात काय घातले ते लिहिण्याची सवय सोडू नका. नुसते ‘साचा १’ लिहिलेली सिद्धता तपासणाऱ्याला चौथा टप्पा पहिल्यापासून करावा लागतो, आणि बऱ्याचदा लिहिणाऱ्यानेही तो केलेला नसतो.

सावधान, ‘कोणतेही’ची व्याप्ती. सिद्धतेच्या सुरुवातीला ‘क कोणतेही सूत्र असो’ म्हटले की शेवटच्या ओळीपर्यंत क तेच राहते. मध्येच ‘क कोणतेही आहे, म्हणून आता क च्या जागी ¬क घेऊ’ असे म्हणता येत नाही. विशेषतः ‘समजा स ⊢ क’ (स मधल्या सूत्रांवरून क सिद्ध होते) असे गृहीत धरल्यावर हे फार महागात पडते, कारण गृहीत फक्त त्या एका क बद्दल आहे.

व्याप्तीची दुसरी चूक याहून सूक्ष्म. पुढील दोन विधाने पाहा:

- प्रत्येक क साठी, ⊢ (क ∨ ¬क).
- प्रत्येक क साठी, ⊢ क किंवा ⊢ ¬क.

पहिले खरे आहे. दुसरे खोटे, कारण प१ सिद्ध होत नाही आणि ¬प१ ही सिद्ध होत नाही. पहिल्यातला ∨ वस्तुभाषेतील सूत्राचे लघुरूप आहे. दुसऱ्यातले ‘किंवा’ आपल्या बोलण्यातले आहे. ⊢ च्या आत काय आणि बाहेर काय, हे बोटाने दाखवता आले पाहिजे.

नकाराचेही तसेच. ‘क ∨ ख हा साचा सर्वतः सत्य नाही’ याचा अर्थ एवढाच की त्याचे सगळे दाखले सर्वतः सत्य नाहीत. (प१ ∨ ¬प१) हाही त्याचाच दाखला आहे आणि तो सर्वतः सत्य आहे. म्हणून साचा खोडायचा असेल तर एक ठोस दाखला द्या, नुसता क आणि ख चा हवाला देऊ नका.

## टप्पा ६: संख्यापक आल्यावर अटी पाळा

इथून पुढे साच्यासोबत अटी येतात. अट हा साच्याचाच भाग आहे. ती तपासल्याशिवाय दाखला पूर्ण होत नाही. दोन साचे पाहू. क[ट/म] म्हणजे क मध्ये जिथे जिथे म मुक्त आहे (∀म किंवा ∃म च्या कक्षेत, म्हणजे बद्ध, नाही) तिथे ट घातल्यावर मिळणारे सूत्र. (काही पुस्तके हा क्रम उलटा लिहितात, आधी पाहून घ्या.)

साचा ४: ∀म क → क[ट/म]. अट: ट मधले कोणतेही चल क मधल्या संख्यापकाच्या जाळ्यात सापडू नये.

अट मोडून पाहा. म := च१, क := ∃च२ ¬(च२ = च१), ट := च२ घ्या. मिळते:

∀च१ ∃च२ ¬(च२ = च१) → ∃च२ ¬(च२ = च२)

ज्या विश्वात निदान दोन वस्तू आहेत तिथे डावी बाजू सत्य: प्रत्येक वस्तूहून वेगळी अशी एखादी वस्तू आहे. उजवी बाजू म्हणते की एखादी वस्तू स्वतःहून वेगळी आहे. ते कधीच खरे नाही. बाहेरून आलेल्या मुक्त च२ ला आतल्या ∃च२ ने बद्ध केले, म्हणून हा अनर्थ. त्याऐवजी ट := च३ घेतले असते तर काहीच अडचण नव्हती.

साचा ५: ∀म (क → ख) → (क → ∀म ख). अट: क मध्ये म मुक्त नसावे.

अट मोडून क आणि ख दोन्हींच्या जागी च१ = ० घाला. डावी बाजू ∀च१ (च१ = ० → च१ = ०), अर्थातच सत्य. उजवी बाजू च१ = ० → ∀च१ (च१ = ०). नैसर्गिक संख्यांत च१ चे मूल्य शून्य घेतले की ती असत्य.

आता या विषयातली सर्वांत गोंधळाची जागा. ‘बद्ध होणे वाईट’ एवढेच लक्षात ठेवलेला वाचक साचा ४ च्या सुरुवातीच्या ∀म क मध्येही घाबरतो: क च्या जागी च१ असलेले सूत्र घातले तर ∀च१ त्याला बद्ध करेल ना? करेलच, आणि तेच अपेक्षित आहे. ∀म क मध्ये क च्या जागी सूत्र जसेच्या तसे घालायचे असते. त्यात च१ मुक्त असेल तर ते बद्ध व्हावे हाच साच्याचा हेतू. मनाई आहे ती क[ट/म] या क्रियेत, म्हणजे तयार सूत्राच्या आत पद घालताना. सूत्राच्या अधिचलाला मूल्य देणे आणि सूत्रातल्या चलाच्या जागी पद घालणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वहीत त्या नेहमी वेगवेगळ्या ओळींवर करा: आधी ‘क :=’, ‘म :=’, ‘ट :=’ लिहा, मग अट तपासा आणि शेवटी [ट/म] पार पाडा.

क(म) अशी लेखनपद्धतही सगळीकडे दिसते. ‘क मध्ये म मुक्त असू शकते, याकडे लक्ष द्या’ एवढाच तिचा संकेत आहे. क मध्ये दुसरी चले नाहीत अशी हमी ती देत नाही. क मध्ये म असलेच पाहिजे असेही ती सांगत नाही.

सावधान, नियम आणि व्यंजक विधान. ‘⊢ क असेल तर ⊢ ∀म क’ हा सामान्यीकरणाचा नियम बरोबर आहे. ‘क → ∀म क’ हा साचा चूक आहे; च१ = ० घालून वर पाहिलेच. नियमात ‘असेल तर’ अधिभाषेतले आहे, साच्यात बाण वस्तुभाषेतला आहे. कोणताही नियम बाणाने लिहून टाकण्याचा मोह टाळा.

अंकगणितातला विगमनाचा (इंडक्शनचा) साचाही याच जातीचा:

(क[०/म] ∧ ∀म (क → क[म + १/म])) → ∀म क

एका साच्यातून अनंत स्वयंसिद्धके येतात, आणि ही लेखनाची नुसती सोय नाही. पेआनो अंकगणित, म्हणजे नैसर्गिक संख्यांची नेहमीची स्वयंसिद्धक-पद्धती, त्याच प्रथमस्तरीय भाषेत (जिथे ∀ आणि ∃ फक्त संख्यांविषयी बोलतात), सान्त संख्येच्या स्वयंसिद्धकांनी मांडताच येत नाही, हे पोलिश गणितज्ञ रिल-नार्जेव्स्की यांनी १९५२ मध्ये दाखवले. म्हणजे इथे अधिचल काढून टाकून काही मोजकी सूत्रे लिहिण्याचा मार्गच बंद आहे.

## टप्पा ७: सूत्रांच्या रचनेवर विगमन करताना

‘प्रत्येक सूत्रात डावे आणि उजवे कंस सारखेच असतात’ यासारखी विधाने अधिचलांशिवाय सिद्ध करता येत नाहीत. मांडणी अशी ठेवा:

- क हे विधानचिन्ह असेल: कंस नाहीत, शून्य आणि शून्य.
- क हे ¬ख असेल: ख मध्ये कंस सारखे आहेत असे गृहीत, ¬ मुळे एकही वाढत नाही.
- क हे (ख → ग) असेल: ख आणि ग दोन्हींत सारखे आहेत असे गृहीत, दोन्ही बाजूंना एकेक वाढतो.

‘क हे ¬ख असेल’ हे वाक्य चिन्हमालांच्या एकरूपतेबद्दल आहे. तिथे = लिहायचे टाळा, विशेषतः वस्तुभाषेतही = असेल तेव्हा. ‘हे’, ‘म्हणजे’ किंवा := पुरते. तिसऱ्या मुद्द्यात ख आणि ग साठी वेगळी अक्षरे लागतात; ‘क हे (ख → ख) असेल’ असे लिहिले तर (प१ → प२) विगमनातून सुटून जाते.

आणखी एक बारकावा. ‘(ख → ग)’ असे अवतरणात लिहिले तर काटेकोरपणे ते ख आणि ग या अक्षरांच्याच चिन्हमालेचे नाव होते, त्यांच्या मूल्यांपासून बनणाऱ्या सूत्राचे नव्हे. ही अडचण दूर करण्यासाठी तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९४० मध्ये कोपऱ्यांसारखी खास अवतरणचिन्हे सुचवली. आजची बहुतेक पुस्तके ती वापरत नाहीत आणि संदर्भावर विसंबतात. तुम्हीही विसंबलात तरी चालेल, फक्त काय गृहीत धरले आहे ते माहीत असू द्या.

## टप्पा ८: संगणकावर तपासताना

मेटामॅथसारख्या प्रणालीत वरची सगळी शिस्त उघडपणे लिहावी लागते, म्हणून तिच्यावर थोडा सराव करणे फायद्याचे आहे. तिथे सूत्रांची अधिचले वेगळी आणि चलांची अधिचले वेगळी. दोन चल-अधिचले एकाच चलासाठी असू शकतात, हे प्रणाली गृहीतच धरते. ती भिन्न हवी असतील तर तशी अट जाहीर करावी लागते. ‘हे चल या सूत्रात येऊ नये’ अशीही अट घालता येते, पण ती ‘मुक्त नसावे’ याहून कडक असते: चल बद्ध स्वरूपातही चालत नाही. पुस्तकातला साचा तिथे उतरवताना हा फरक डोळ्यांआड झाला, तर प्रमेय गरजेपेक्षा दुबळे बनते.

लीन किंवा अ‍ॅग्डा या सिद्धता लिहायला मदत करणाऱ्या प्रणाली वापरताना मात्र मेटाव्हेरिएबल हा शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. तिथे ते अजून न भरलेले रिकामे स्थान असते. ते कशाने भरायचे ते प्रणाली जुळणी करून शोधते किंवा तुमच्याकडून मागते. साच्यातले क ‘कोणतेही सूत्र’ असते, तर हे रिकामे स्थान ‘एक ठरावीक, पण अजून न ठरलेली अभिव्यक्ती’ असते. एका ठिकाणी ते भरले की सिद्धतेत सर्वत्र त्याच मूल्याने भरले जाते. दुसरीकडे तुम्हाला वेगळे मूल्य हवे असेल, तर स्थानही वेगळे घ्यावे लागते. सिद्धता संपल्यावर असे एकही स्थान रिकामे उरले असेल तर ती पूर्ण झालेली नाही.